आठाचा आकडा

बर्फाच्या कारखान्यामागे, ओल्या भिंतीला टेकून
मंदाकिनीने पाय माझ्या मांडीवर ठेवला.
उजवा. सूज कालच्यापेक्षा कमी,
पण घोट्याचं हाड अजून सापडत नव्हतं,
भरतीत बुडालेल्या खडकासारखं.

"पाऊल काटकोनात धर. बोटं नाकाकडे.
सैल सोडलंस तर सैलपणाच बांधला जाईल."

पावडर नव्हती, ओढणीने घाम पुसला.
पोटरीवरची लव तिने सकाळीच काढली होती
भावाच्या ब्लेडने, दोन ठिकाणी कापून घेऊन.

पहिला वेढा नडगीवर, नुसता टेकायला.
मग आतून खाली, टाचेखालून, बाहेरून वर.
तीनदा. प्रत्येक पट्टी मागचीवर अर्धी चढलेली,
घर शाकारताना कौल कौलावर चढतं तशी.
मग आठ.
मराठी आठ नव्हे, तो उघडाच राहतो.
इंग्रजी आठ, जो स्वतःकडे परत येतो.

घोसाळकर सरांनी एकदाच दाखवलं होतं,
पण हातांना आधीच ठाऊक होतं, बाबांच्या जाळ्यावरून.
तुटला आस जास्त ओढला की शेजारचे चार उसवतात,
सैल ठेवला की बांगडा निघून जातो.
बाबा म्हणतात, जाळं मासा धरायला मागाहून शिकतं,
आधी पाणी सोडायला शिकतं.

मैदानावर पाणी मारून झालं होतं.
लाल माती, चुन्याच्या रेषा, हॅलोजनभोवती किडे,
आणि वेलदूरच्या संघाने ताबडतोब यावं
म्हणून तिसऱ्यांदा ओरडणारा स्पीकर.

सात जणी आत. मी आठवी.
तीन हंगाम आठवी.
पालशेतला एक चढाई मिळाली होती,
तीही आम्ही अठरा गुणांनी पुढे असताना,
आणि मी हात न लावता परत आले होते.

एक वेढा जास्त ओढला
तर मध्यांतरापर्यंत पाय बधिर होतो.
मग सर बाकाकडे बघतात.
बाकावर मी असते.

ओढला.
खोटं कशाला सांगू, ओढलाच.

मग सवयीने तिच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं.
पांढरं.
एक. दोन.
दाभोळकडून सुटलेल्या फेरीबोटीचा भोंगा.
तीन.
पांढरंच.

"घट्ट झालं काय गो?" ती म्हणाली.
"असू दे. घट्टच हवं मला."
ती मैदानाकडे बघत होती. माझ्याकडे नाही.
एवढा विश्वास कुणी कुणाच्या मांडीवर ठेवू नये.

दाताने कड पकडून सोलली पट्टी,
दोन वेढे फुकट गेले, वीस रुपयांचे तरी.
"काय झालं?"
"वाकडी बसली."
पुन्हा बांधलं. नख दाबलं.
पांढरं, आणि लगेच गुलाबी,
शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं.

सामन्याचं मी काय सांगू.
लोक चढाई बघत होते, मी फक्त एक घोटा.
बोनस रेषेपाशी तो एकदा बाहेरच्या अंगाला कलला,
माझ्याच दातांत कळ आली,
आणि पट्टीने त्याला परत आणलं.
बाकाची फळी मी इतकी घट्ट धरली होती
की तळहातात कुसळ राहिलं.

रात्री पडवीत आईच्या कात्रीने कापून काढलं.
आतली कातडी सुरकुतलेली, पांढरट,
पट्ट्यांची नक्षी उठलेली. तिने खोबरेल चोळलं,
म्हणाली, "पुढच्या टायमाला तू पाय मुरगळून घे.
मी बांधते. बघ कसा आवळते."
आणि हसली. मीही हसले, थोडी उशिरा.

ती गेल्यावर पट्टी तिथेच उरली,
कुर्लीने टाकलेल्या कवचासारखी,
घोट्याचा आकार धरून, आत कुणी नाही.
लाथेने कोपऱ्यात सारणार होते.
त्याआधी कुणी बघत नाही ना बघून
माझा पाय आत घातला.

एक नंबर मोठा.